पाडलेल्या घराचं मीटर

पाण्याची मीटरं वाचत दारोदार फिरणाऱ्या बाईला कुणी नावाने हाक मारत नाही. वस्तीत सगळे तिला रीडरबाई म्हणत, आणि ऐकून ऐकून ते नाव तिच्या अंगवळणी पडलं होतं. वरच्या खिडकीतून 'ओ रीडरबाई, या खेपेला आमच्याकडे फिरकलाच नाहीत' असा आवाज आला की ती मान वर करून 'येते, येते' म्हणायची. नोकरी कंत्राटी होती, पण पुढच्या यादीत आपण कायम होणार असं तिला खात्रीने सांगण्यात आलं होतं. सांगणारी होती तिची नणंद, पाणीखात्यात बिलांच्या विभागाची प्रमुख.

नणंदेला ती घरी वन्सं म्हणायची आणि ऑफिसात मॅडम. एकदा घाईत ऑफिसातच 'वन्सं' निघून गेलं, तर वन्संनी चष्म्यावरून असं काही पाहिलं की पुन्हा कधी जीभ घसरली नाही. आईबाप लवकर गेल्यावर धाकट्या भावाला वन्संनी वाढवलं होतं, शिकवलं होतं, बसच्या आगारात मेकॅनिक म्हणून चिकटवलं होतं. त्याचं लग्न लावलं त्यांनी आणि त्याच्या बायकोला खात्यात घेतलं तेही त्यांनीच. त्यामुळे त्या घरात वन्संचा शब्द खाली पडत नसे. पडलाच तर दोघं नवरा-बायको वाकून उचलायला धावत.

मोबाईलवरून मीटर वाचण्याचं ॲप खात्यात आणलं तेही वन्संनीच. खोटं कशाला बोला, रीडरबाईला ते आधी आवडलं होतं. पूर्वी वहीत आकडे लिहावे लागत. खड्ड्यातल्या पाण्याने पानं भिजत, शाई पसरे, एकाचा नऊ होई आणि एकट्या राहणाऱ्या म्हातारीला पोहण्याच्या तलावाएवढं बिल जाई. मग शिव्या खायच्या रीडरबाईने. आता मीटरचा फोटो काढला की ॲप आकडा आपणच वाचे आणि ती गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत गिऱ्हाइकाच्या फोनवर बिल आलेलं असे. भांडणं कमी झाली. तिच्या खांद्यावरचं वह्यांचं ओझं गेलं.

पण ॲपचे स्वतःचे नखरे होते. काचेवर चिखल असला तर 'फोटो अस्पष्ट आहे'. चिखल पुसला तर काच चमकते म्हणून 'फोटोत उजेड जास्त आहे'. मीटर घराच्या मागच्या अंगाला असलं की ॲपला वाटे, ती शेजारच्या रस्त्यावर उभी आहे. मग मीटरपासून लांब, भिंतीच्या कडेला जाऊन, फोन डोक्यावर धरून ॲपची समजूत काढायची. उन्हात फोन तापे आणि मधेच डोळे मिटे. शिवाय प्रत्येक मीटरला ठरावीक वेळ. जास्त लागला तर तिच्या नावापुढे लाल ठिपका, आणि महिन्याच्या बैठकीत मॅडम भिंतीवरच्या पडद्यावर सगळ्यांचे ठिपके दाखवत. भीक नको पण कुत्रा आवर, असं ती मनात म्हणे आणि पुढच्या दाराची कडी वाजवे.

गल्लीच्या टोकाला एक लॉन्ड्री होती. बैठं घर, पुढच्या खोलीत इस्त्रीचं टेबल, मागे फरशी घातलेलं अंगण, त्यात दगडी टाक्या आणि तारांवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरी. लॉन्ड्रीवाली मावशी एकटी होती. नवरा गेला होता, मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. बोलायला फटकळ, हात मात्र असे की ओली चादर पिळली तर थेंब राहायचा नाही. जवळच्या प्रसूतिगृहाच्या सगळ्या चादरी तिच्याकडे यायच्या. सकाळी गाठोडी येत आणि दुसऱ्या सकाळी घड्या होऊन परत जात. घर त्यावरच चालत होतं.

त्या दिवशी रीडरबाईने अंगणातल्या खड्ड्याचं लोखंडी झाकण सळईने उचललं, आत उतरून काच पुसली आणि फोटो काढला. फोटो पहिल्याच फटक्यात स्वीकारला गेला, हेच खरं तर नवल. पडद्यावर मीटरच्या स्थितीची यादी आली. चालू, बंद, काच फुटलेली, दाराला कुलूप, इमारत पाडली. तिने 'चालू'वर बोट टेकवायला आणि पडद्याच्या वरच्या बाजूला आलेली कसलीशी सूचना नाहीशी व्हायला एकच गाठ पडली. यादी सर्रकन वर सरकली. बोट जिथे पडलं तिथे आता 'इमारत पाडली' होतं.

'इमारत पाडल्याची नोंद झाली. धन्यवाद,' फोन म्हणाला. खाली पाच चांदण्या आल्या आणि हा अनुभव कसा वाटला, असं त्याने विचारलं.

तिने मागे जायचा बाण दाबला. ॲप तिला पुढच्या घरी घेऊन गेलं. तिने पुन्हा लॉन्ड्रीचा नंबर घातला. 'या क्रमांकाची इमारत अस्तित्वात नाही.'

"झालं का गं?" टाकीत हात बुडवून बसलेल्या मावशीने विचारलं.

"झालं," रीडरबाई म्हणाली. काय सांगणार? मावशी, मी आत्ताच तुमचं घर पाडलं, असं कुणाला तोंडावर सांगता येतं?

बाहेर येऊन तिने मदतकक्षाला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवल्यावर एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"तुमची अडचण आम्हाला समजते, मॅडम."

"अहो, अजून मी सांगितलीच नाही."

तिने सगळं सांगितलं. मुलीने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाडलेली इमारत आमच्याकडून पुन्हा उभी करता येत नाही. तुमच्या वरिष्ठांना तक्रार टाकायला सांगा."

"पण ती पडलीच नाहीये. मी तिच्यासमोर उभी आहे."

"हो मॅडम. पण यंत्रणेत पडलीय ना."

संध्याकाळी रीडरबाई वन्संच्या केबिनच्या दारात उभी राहिली. वन्सं मोठ्या साहेबांपुढे करायच्या सादरीकरणात गढल्या होत्या. ॲप आल्यापासून चुका किती कमी झाल्या, त्याचे रंगीत खांब पडद्यावर उभे होते. तिचं बोलणं त्यांनी अर्धं ऐकलं.

"बोट जरा सांभाळून ठेवावं," त्या म्हणाल्या. "तक्रार टाक. होईल."

तिने तक्रार टाकली. दोन दिवसांनी उत्तर आलं, 'आपली समस्या सोडवण्यात आली आहे.' तिने हायसं वाटून लॉन्ड्रीचा नंबर घातला. इमारत अस्तित्वात नव्हती. तिने पुन्हा तक्रार टाकली, तर ॲपने कळवलं की ही समस्या आधीच सुटलेली असल्याने तक्रार घेता येणार नाही.

त्यानंतर ती रोज वन्संना आठवण करू लागली. वन्सं रोज 'बघते' म्हणू लागल्या. घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो जेवता जेवता म्हणाला, "ताई म्हणाली ना बघते? मग बघेल. तिच्या मागे लागलं की ती मुद्दाम करत नाही, तुला माहीत आहे."

माहीत होतंच. म्हणून तर जीव वरखाली होत होता.

आणि मग एका सकाळी रीडरबाईचा फोन वाजला. मावशीचा होता. मावशी कधी फोन करत नसे.

"ये इकडे," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला.

ती पोचली तेव्हा अंगणात फेस पसरला होता. टाक्यांमध्ये साबणात बुडवलेल्या चादरी तशाच पडल्या होत्या आणि नळाला ठिपूस नव्हता. खड्ड्याशी खात्याचे दोन प्लंबर हत्यारं आवरत होते. त्यांनी जोडणी कापून पाइपाला टोपण बसवलं होतं.

"अहो, हे काय केलंत?" रीडरबाईने विचारलं.

त्यांतला वयाने मोठा होता त्याने फोन पुढे केला. "काम आलंय. पाडलेल्या इमारतीचं पाणी वाया जातंय, जोडणी बंद करा."

"तुम्हाला इथे घर दिसत नाही का?"

"दिसतं ना. आत जाऊन पाणीपण प्यायलो," तो ओशाळून म्हणाला. "पण काम केल्याचा फोटो टाकला नाही तर आमचा दिवस धरत नाहीत. तुम्ही तुमचं वरून सरळ करून आणा, आम्ही लगेच जोडून देतो."

ते गेले. मावशी टाकीच्या काठावर बसली होती. तिचे हात कोपरापर्यंत फेसाने पांढरे होते आणि ते धुवायलाही पाणी नव्हतं.

"मी बिल चुकवलं का कधी?" तिने विचारलं.

"नाही, मावशी."

"मग घर पाडायच्या आधी, मी आत आहे का बाहेर, एवढं तरी विचारायचं होतंस."

रीडरबाईने काय झालं ते सगळं सांगितलं. सूचना, सरकलेली यादी, बोट, मदतकक्ष, सुटलेली समस्या. मावशी हातांवरचा फेस पदराला पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी मी विचारलं, झालं का, तेव्हाच तुला ठाऊक होतं."

रीडरबाईने कोपऱ्यातल्या बादल्या उचलल्या आणि शेजारच्या घरातून पाणी आणायला निघाली.

दोघींनी त्या चादरी कशाबशा खळबळल्या. पण शेजारपाजाऱ्यांच्या बादल्यांवर लॉन्ड्री चालत नसते. एकदोन दिवस शेजारणींनी हसून पाणी दिलं, मग आतूनच 'आज आमच्याकडेच कमी आलंय' असं ऐकू येऊ लागलं. चादरींना साबणाचा वास राहू लागला. प्रसूतिगृहाच्या मोठ्या नर्सबाई येऊन म्हणाल्या, "मावशी, बाळंतिणीच्या अंगाखाली घालायच्या आहेत या. मी किती सांभाळून घेणार?" आणि गाठोडी दुसरीकडे जाऊ लागली. पाणी सुरू झालं की परत देऊ, म्हणाल्या. असं सगळेच म्हणतात.

रीडरबाई तेवढ्या दिवसांत जिथे जाता येईल तिथे गेली. नव्या जोडणीच्या खिडकीवर सांगितलं, जुना ग्राहक क्रमांक द्या. जुना दिला, तर तो बंद आहे, चालू असल्याचा दाखला आणा. दाखल्याच्या खिडकीवर म्हणाले, बंद क्रमांकाचा चालू दाखला कसा देणार? मावशीला घरासमोर उभं करून तिने फोटो काढला आणि वर पाठवला. ॲपने विचारलं, फोटोत मीटर कुठे आहे? मीटरचा पाठवला, तर म्हणालं, हे मीटर सेवेतून काढून टाकलं आहे, आपण ते खात्यात जमा केलेलं दिसत नाही. आता मीटर चोरल्याचा आळ तेवढा यायचा राहिला होता.

शेवटी ॲपच्या पोटात कुठेतरी खोल तिला एक वाट सापडली. 'नोंद रद्द करा.' तिने ते उघडलं. कारण निवडा, म्हणे. कारणं दोनच होती. 'इमारत पुन्हा बांधली' आणि 'रीडरने खोटी नोंद केली'. पहिलं निवडलं तर नव्या बांधकामाचा परवाना मागत होतं.

ती फोन घेऊन तडक वन्संकडे गेली. या वेळी केबिनचं दार तिने स्वतःच लावून घेतलं.

वन्संनी पाहिलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "हे दाबू नकोस."

"मग दुसरं काय दाबू?"

"खोटी नोंद म्हणजे काय कळतं का तुला? घरी बसून मनाचे आकडे टाकणाऱ्यांसाठी आहे ते. आपोआप चौकशी लागते. कायम व्हायचं तर विसरच, आहे ते कंत्राटही जाईल. आणि तुला इथे आणली कुणी, हे सगळ्यांना माहीत आहे. उद्या म्हणतील, मॅडमची भावजयच खोटारडी निघाली."

"मी खोटं नाही केलं. चुकून झालं. चुकून असं लिहायला जागा का नाही?"

वन्संनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "होती."

"म्हणजे?"

"सुरुवातीला होता तो पर्याय. जो तो ऊठसूट तेच दाबायचा. आळस केला, चुकून. घर चुकलं, चुकून. मोठे साहेब ओरडले, एवढ्या चुका कशा? मीच काढायला लावला."

रीडरबाई बघतच राहिली. पडद्यावरचे रंगीत खांब असे ठेंगणे झाले होते तर. चूक लिहायची जागाच काढून टाकली, म्हणजे चुका संपल्या.

त्या रात्री जेवताना तिने हे सगळं नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याला दोन्ही बाजू कळत होत्या, म्हणून त्याची जास्त पंचाईत होती. त्याने आधी बायकोला सांगून पाहिलं, की थोडं थांब. मग दाराबाहेर जाऊन बहिणीला फोन केला. परत आला तो कान लाल करून. "सकाळी येते म्हणाली. स्वतः लॉन्ड्रीवर जाऊन बघणार आहे. तुला नीट जमत नाही, असं तिचं म्हणणं आहे."

सकाळी वन्सं खरंच आल्या. पायात ऑफिसचे बूट, हातात खात्याने दिलेला मोठा फोन. मावशीने त्यांना बसायला स्टूलही पुढे केलं नाही. वन्संनी खड्ड्याचं झाकण काढायला लावलं, नीट वाकून फोटो काढला, आपल्या प्रमुखाच्या अधिकारातून ॲपमध्ये शिरल्या आणि लॉन्ड्रीचा नंबर घातला.

'या क्रमांकाची इमारत अस्तित्वात नाही.'

"नेट कमी आहे इथे," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे गेल्या. भिंतीकडून दाराशी. दाराशी पासवर्ड पुन्हा मागितला, तो दिला तर चुकीचा निघाला, तिसऱ्यांदा दिल्यावर ॲपने त्यांना सुरक्षेसाठी बाहेर काढलं आणि थोड्या वेळाने या, असं सांगितलं. त्या थांबल्या. पुन्हा आत गेल्या. मग मदतकक्षाला फोन लावला आणि आपला हुद्दा सांगितला.

"तुमची अडचण आम्हाला समजते, मॅडम," फोनमधला आवाज रीडरबाईलाही ऐकू आला. "तुमच्या वरिष्ठांना तक्रार टाकायला सांगा."

"माझ्यावर कुणी नाही या कामात. मीच हे ॲप घेतलं तुमच्याकडून."

"हो मॅडम. त्यासाठी धन्यवाद."

ऊन चढत गेलं. वन्संच्या कपाळावर घाम आला, चष्मा सारखा घसरू लागला. रिकाम्या तारांखाली पालथ्या घातलेल्या टपावर त्या शेवटी बसल्या. मावशी पुढच्या खोलीत थंड इस्त्री पुसत होती. पुसायला दुसरं काही नव्हतं. रीडरबाई शेजारून एक बादली घेऊन आली, तेव्हा वन्संनी विचारलं, "रोज अशी आणतेस?"

"कामाच्या आधी. आणि कामानंतर."

"मला बोलली नाहीस."

"रोज बोलत होते, वन्सं. तुम्ही बघते म्हणत होता."

ऑफिसच्या कामात, त्या एका घसरलेल्या जिभेनंतर, ती पहिल्यांदाच 'वन्सं' म्हणाली होती आणि या वेळी चष्म्यावरून कुणी पाहिलं नाही.

"सोमवारी मोठ्या साहेबांच्या कानावर घालते," वन्सं म्हणाल्या. "सादरीकरण तेवढं होऊन जाऊ दे. त्याच्या आधी काही करू नको. मी तुझ्या भल्याचंच सांगते."

त्या खरंच भल्याचं सांगत होत्या, हेच अवघड होतं. कुणी वाईट मनाने आडवं आलं असतं तर भांडता आलं असतं. इथे सगळेच समजूतदार. मदतकक्षातली मुलगी, प्लंबर, खिडकीवरचे लोक, नर्सबाई, नवरा, वन्सं. सगळ्यांना अडचण समजत होती, आणि मावशीच्या टाकीत पाणी नव्हतं.

रीडरबाईने बादली खाली ठेवली, हात कोरडे केले आणि फोन काढला. वन्संच्या समोर उभी राहून तिने नोंद रद्द करायची ती जागा उघडली, 'रीडरने खोटी नोंद केली' यावर बोट ठेवलं, आणि या वेळी पडद्यावर सगळं स्थिर होईपर्यंत थांबून मगच दाबलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनात आलं, पण तोवर झालं होतं.

वन्सं उठून उभ्या राहिल्या. पर्स उचलून अंगणातून बाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी तेच दोन प्लंबर आले आणि टोपण काढून जोडणी सुरू करून गेले. मावशीने सगळ्या टाक्या काठोकाठ भरून घेतल्या, धुवायला काही नसतानाही.

चौकशी ठरल्यासारखीच झाली. लांबट टेबल, पलीकडे मोठे साहेब आणि आणखी दोघं, अलीकडे एक खुर्ची.

"खोटी नोंद का केलीत?" साहेबांनी विचारलं.

"खोटी नव्हती, साहेब. चूक होती."

"इथे खोटी लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

"चूक लिहायला जागा नव्हती."

साहेबांनी कंटाळून वन्संकडे पाहिलं. प्रमुख म्हणून त्यांनाही बोलावलं होतं. रीडरबाईने मान खाली घातली. त्या दिवसापासून वन्संनी तिच्याशी एक शब्द टाकला नव्हता. नवऱ्याच्या फोनवर यायच्या, भावाची खुशाली विचारायच्या आणि ठेवून द्यायच्या.

"जागा होती, ती मी काढायला लावली," वन्सं म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "चुकांचा आकडा खाली यावा म्हणून. ही बाई खोटं बोललेली नाही. तिने महिनाभर तक्रारी केल्या आणि मी लक्ष दिलं नाही. तसं लिहून घ्या."

साहेबांना ते आवडलं नाही, कारण तेच खांब त्यांनी त्यांच्या वरच्यांना दाखवले होते. पण लिहून घ्यावं लागलं.

वन्सं बोलल्या म्हणून सगळं सुरळीत झालं, असं काही नाही. कंत्राट वाचलं, पण कायम होण्याच्या यादीतून रीडरबाईचं नाव एक खेप मागे गेलं आणि तिला टेकडीवरच्या वस्तीत टाकलं. तिथे चढ-उतार करून संध्याकाळी गुडघे बोलू लागतात. वन्संच्या कामाच्या नोंदीत ठपका आला. ॲप बनवणाऱ्यांना कुणी काही म्हणालं नाही. उलट त्यांनी सुधारित आवृत्ती काढली, तिचे वेगळे पैसे लावले आणि तिच्यात तो पर्याय परत आणला. आता त्याचं नाव आहे 'अनवधानाने झालेली नोंद'. मात्र त्याला विभागप्रमुखाची मंजुरी लागते.

मावशीकडे प्रसूतिगृह परत आलं नाही. ज्यांच्याकडे चादरी गेल्या त्यांनी यंत्रं बसवली होती. मावशी आता एका लॉजचे टॉवेल आणि पडदे धुते. "बाळांचे डाग बरे गं," ती एकदा रीडरबाईला म्हणाली, "हे कसले कसले असतात देव जाणे." तेवढं बोलली हेच पुष्कळ होतं. रीडरबाई सुट्टीच्या दिवशी मुद्दाम वाट वाकडी करून तिच्याकडे जायची. पहिल्यांदा मावशीने काम सोडून वर पाहिलं नाही. दुसऱ्या खेपेला पाहिलं. त्यानंतर एकदा चहा ठेवला. माफ केलं, असं काही ती म्हणाली नाही आणि रीडरबाईनेही विचारलं नाही.

वन्सं भावाच्या घरी आल्या त्याला मधे बरेच दिवस लोटले. काही निरोप न देता संध्याकाळी येऊन दारात उभ्या राहिल्या. नवरा गडबडून खुर्ची पुसायला लागला. रीडरबाईने पाणी दिलं, ताट वाढलं. त्या दिवसाचा विषय कुणी काढला नाही. आगाराच्या गप्पा झाल्या, कुणाकुणाच्या तब्येतींच्या झाल्या. वन्संनी भावजयीच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कुठलंसं तेल सुचवलं.

दोन घास होतात न होतात तोच त्यांचा फोन वाजला. मंजुरी हवी होती. कुणाचंतरी बोट कुठेतरी पडलं होतं. त्यांनी डाव्या हाताने फोन धरून ती दिली. आणखी दोन घास, आणखी एक मंजुरी. मग लागोपाठ तीन.

"दिवसभर हेच," त्या वैतागून म्हणाल्या. "झोपेतपण वाजतो. माणसं इतकी चुकतात, मला कल्पना नव्हती."

"मग सगळ्यांना एकदम देऊन टाका," नवरा म्हणाला.

"एकेक बघावी लागते. नाहीतर परत पहिले पाढे पंचावन्न." त्यांनी फोन भावजयीकडे सरकवला. "बघ गं जरा, हे चाक फिरतच राहिलंय. पुढे जात नाही."

रीडरबाईने पाहिलं. "घरात नेट कमी आहे, वन्सं. पायरीवर जावं लागतं."

वन्सं ताटावरून उठल्या. उष्टा हात अंगापासून लांब धरून त्या बाहेर पायरीवर गेल्या आणि फोन डोक्यावर धरून उभ्या राहिल्या. रीडरबाई त्यांच्या ताटावर झाकण ठेवून मागोमाग गेली.

"आलं का?" तिने विचारलं.

"नाही."

"थोडं डावीकडे सरका."

वन्सं डावीकडे सरकल्या.